मठाच्या ट्रस्टचं फार्मसी कॉलेज : देव न मानणाऱ्यांनी अ‍ॅडमिशन घ्यावं का? (चार वर्षं हॉस्टेलला राहून लिहितेय)

माझी चुलत बहीण यंदा बारावी झाली, सीईटीला बरे मार्क पडलेत आणि कॅपच्या (सरकारच्या सेंट्रल अ‍ॅडमिशनच्या) दुसऱ्या राउंडला बी फार्मला तिला नेमकं तेच कॉलेज लागलंय जिथं मी चार वर्षं काढली. काल रात्री फोन आला, ताई तिथं रोज आरतीला बसावं लागतं म्हणे, मला जमेल का गं. ती पण माझ्यासारखीच, देव मानत नाही. तासभर बोललो तरी सगळं सांगून झालं नाही म्हणून इथं लिहून काढते, तिला पाठवता येईल आणि अजून कुणाच्या घरी हाच घोळ चालू असेल तर त्यांना पण उपयोग होईल.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. सांगलीपासून गाडीनं पाऊण तास, एका मठाचा ट्रस्ट चालवतो, एवढं पुरे.

आधी घरचं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. आम्ही साताऱ्याचे. आई माळकरी, एकादशी सोडत नाही, पप्पा सणापुरते. मी नववीत असताना अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते शाळेत आले होते, त्यांनी मंत्र म्हणत 'तूप' ओतलं आणि आपोआप जाळ झाला, सगळा वर्ग गप्प, आणि मग त्यांनी सांगितलं की खाली पोटॅशियम परमँगनेट होतं आणि वरनं ओतलं ते ग्लिसरीन. मला त्या दिवशी देव गेल्याचं दुःख वगैरे काही झालं नाही, मला केमिस्ट्री आवडायला लागली. फार्मसीला जायचं तिथंच ठरलं म्हणा. कराडचं गव्हर्नमेंट फार्मसी थोडक्यात हुकलं, आणि मग हे लागलं. पप्पा खूश, कारण मठाचं हॉस्टेल म्हणजे पोरगी सुरक्षित. आई तर जास्तच खूश. मला मात्र तेव्हाच पोटात गोळा आला होता.

शिकवणं एक नंबर, हे आधी मनापासून सांगते. लॅबमध्ये यंत्रं नुसती इन्स्पेक्शनला दाखवायला नाहीत, टॅब्लेट पंचिंग मशीन, गोळी किती वेळात विरघळते ते मोजणारं डिसोल्युशनचं मशीन आम्ही स्वतः हातानं चालवलंय. फार्मास्युटिक्सचे सर स्वतः मठाचे पक्के भक्त, कपाळाला रोज गंध, गुरुवारी कडक उपास, पण वर्गात एकही गोष्ट पुराव्याशिवाय बोलायचे नाहीत. पहिल्या वर्षी मी त्यांना ते परमँगनेटचं विचारलं तर त्यांनी नुसतं सांगितलं नाही, आम्हाला फ्यूम हूडपाशी (धूर ओढून घेणाऱ्या लॅबच्या कपाटापाशी) बोलावलं, पोर्सिलीनच्या वाटीत जांभळे खडे ठेवले, ड्रॉपरनं ग्लिसरीन टाकलं, चारपाच सेकंद काहीच नाही, मग धूर आणि मग तो जांभळट जाळ. म्हणाले, हे आपापल्या गावात जाऊन करून दाखवा, पोरांना कळू दे. गंध लावलेला माणूस हे सांगतोय हे बघून मला फार बरं वाटलं होतं, आणि माणूस भाविक आहे म्हणजे तो आपल्या विरोधात आहे असं जे मी मनात धरून गेले होते ते तिथंच गळून पडलं.

आता मुख्य विषय. रोज सकाळी सहाला प्रार्थना, हॉस्टेलच्या सगळ्या पोरींना सक्तीची. चाळीस मिनिटं. समाधी मंदिराच्या मागं मोठा हॉल आहे, खाली शहाबादी फरशी, डिसेंबरात त्या फरशीवर बसलं की गारठा पार हाडात जातो, अर्ध्या पोरींचे केस ओले, दारात वॉर्डन मॅडम रजिस्टर घेऊन उभ्या. पहिला अर्धा तास स्तोत्र आणि आरती, शेवटी हरिपाठाचे अभंग. मी मागच्या रांगेत बसायचे, हात जोडायचे नाही, डोळे मिटायचे नाही, गप्प बसून राहायचे. आणि खरं सांगते, अभंग मला आवडायचे. मेसमधल्या एक मावशी भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून यायच्या आणि काय आवाज होता त्यांचा, आई घरात काम करताना गुणगुणते तीच चाल. म्हणजे मला प्रार्थनेचा राग नव्हता, कुणी म्हणत असेल तर ऐकायला माझी ना नाही.

राग होता एका शब्दाचा. अ‍ॅडमिशनच्या दिवशी फॉर्मची सात पानं होती, बाहेर रांग, क्लार्क घाई करतोय, आणि शेवटच्या पानावर हमीपत्र, 'मी संस्थेच्या नित्य उपासनेत श्रद्धेने सहभागी होईन'. मी सतरा वर्षांची, म्हणून सही पप्पांची. काउंटरला दोरीनं बांधलेलं पेन होतं, दोरी पुरेना म्हणून पप्पा वाकून सही करत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरनं तो 'श्रद्धेने' वाचत होते. पप्पा, हे काय लिहिलंय बघा, असं म्हटलं सुद्धा, ते म्हणाले सगळीकडं असतंच गं, चल. हजर राहीन म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण श्रद्धेनं? श्रद्धा काय सहीनं येते का?

हे मनात टोचत राहिलं म्हणून मी राज्यघटना काढून वाचली. कलम २८ मधलं तिसरं पोटकलम, साध्या भाषेत असं, की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्याला तिथल्या धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, त्यानं स्वतः संमती दिली असेल तरच, आणि तो अज्ञान असेल तर पालकांनी दिली असेल तरच. अज्ञान म्हणजे अठराच्या आतला. आता ते शेवटचं पान कशासाठी असतं ते कळलं ना? ती संमतीच असते. गव्हर्नमेंट कॉलेजला हा प्रश्नच येत नाही कारण पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही, तेही त्याच कलमात आहे. आणि हजेरीची भीती कुणी घातली तर एवढं लक्षात ठेवा, पीसीआयच्या, म्हणजे फार्मसी कौन्सिलच्या, नियमात बी फार्मला ८० टक्के हजेरी लागते ती तासांना आणि प्रॅक्टिकलला, आरतीला नाही.

नोव्हेंबरात मला अठरा पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना अर्ज लिहिला, की माझ्या पालकांनी मी अज्ञान असताना दिलेली संमती मी आता मागे घेते, हॉस्टेलची बाकी सगळी शिस्त पाळीन, त्या चाळीस मिनिटांत रीडिंग रूममध्ये बसून अभ्यास करीन. अर्ज लिहिताना हात थरथरत होता. प्राचार्यांनी शांतपणे वाचला, चिडले नाहीत, पण म्हणाले बाळ, पाच हजार लोक इथं श्रद्धेनं येतात, तुला एकटीलाच काय अडचण आहे. मी म्हटलं सर, अडचण नाही, मला खोटं बसायचं नाही. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. पुढचे तीन रविवार मला गेटपास मिळाला नाही, कारण कुणी सांगितलं नाही. मग वॉर्डन मॅडमनी आईला फोन लावला, तुमच्या मुलीला जरा समजवा. आई, जिच्या गळ्यात माळ आहे, ती म्हणाली, "मॅडम, ती देव मानत नाही हे मला ठाऊक आहे, मला वाईट वाटतं, पण ती खोटं बोलत नाही, तिला खोटं वागायला मी कशी सांगू?" हे मला आईनं नाही, महिन्याभरानं मॅडमनीच सांगितलं. जानेवारीपासून मला रीडिंग रूमला बसायची परवानगी मिळाली, वेगळ्या रजिस्टरवर सही करून. आमच्या बॅचला दोन मुस्लिम मुली होत्या, त्या पण तोपर्यंत रोज आरतीला बसत होत्या, त्यातली एक पुढच्याच आठवड्यात माझ्याशेजारी येऊन बसली. शेवटच्या वर्षी आम्ही सहाजणी होतो.

मार्कांवर परिणाम झाला का, हा बहिणीचा दुसरा प्रश्न. माझ्या बाबतीत नाही, इंटर्नल मला चांगले होते. पण टोमणे ऐकावे लागले, मोठी आली शहाणी वगैरे, आणि वार्षिक सप्ताहाच्या वेळी सगळं कॉलेज सेवेत गुंतलेलं असताना एकटं वाटायचं. तिसऱ्या वर्षी मी पंगतीत वाढायला जायला लागले, माझं मन म्हणालं म्हणून. हजार माणसांना आमटी वाढायला देव मानावा लागत नाही.

जे मी माफ करू शकत नाही ते वेगळंच आहे. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या रूममेटला १०३ ताप. वॉर्डन मॅडमनी कपाळाला अंगारा लावला, तीर्थ दिलं आणि सकाळी बघू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फार्मसी कॉलेजचं हॉस्टेल, खाली लॅबमध्ये आम्ही पॅरासिटामॉलच्या गोळ्या बनवायला शिकतोय आणि वर पोरगी दोन दिवस अंगाऱ्यावर! तिसऱ्या रात्री तिच्या हातावर लाल पुरळ दिसलं तेव्हा मी थेट फार्मास्युटिक्सच्या सरांना फोन केला. ते पंधरा मिनिटांत स्वतःची गाडी घेऊन आले, आम्ही तिला सांगलीला सिव्हिलला नेलं, डेंगी निघाला, प्लेटलेट बऱ्याच खाली आल्या होत्या. ती वाचली, आठ दिवसांनी घरी गेली. नंतर एकोणीस पोरींनी सह्या करून पत्र दिलं तेव्हा कुठं आठवड्यातनं दोनदा डॉक्टर यायला लागले. अंगारा कुणाला लावायचा तर लावा, पण आधी थर्मामीटर. यासाठी मी हॉस्टेलला पाचपैकी दोनच देते. मेस ठीक, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, भाकरी चांगली. शिकवण्याला साडेचार.

मग जावं का? मी बहिणीला सरळ नको म्हणाले नाही. आमच्याच भागातली माणसं बघा की. खानदेशातल्या पिंपळनेरचा एक मुलगा वाईला कृष्णाकाठी प्राज्ञपाठशाळेत शास्त्रं शिकायला आला, तर्कतीर्थ झाला, आणि तेच लक्ष्मणशास्त्री जोशी पुढं मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले, धर्माची चिकित्सा केली, मराठी विश्वकोशाचे प्रमुख झाले. धर्म शिकवणाऱ्या जागेत राहून माणूस आपल्या डोक्यानं विचार करू शकतो. आणि दुसरीकडं भाऊराव पाटील, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते, अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आले आणि आल्यावर आंघोळ करायला नाही म्हणाले म्हणून त्यांना बाहेर काढलं. आमचे आजोबा भाऊरावांच्याच रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात वाढलेले, ही गोष्ट ते शंभरदा सांगायचे, आणि पुढं म्हणायचे की म्हणून तर अण्णांनी (भाऊरावांनी) १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातीधर्माच्या पोरांचं बोर्डिंग काढलं. म्हणजे धार्मिक संस्थेत राहून दोन्ही होऊ शकतं, तुम्हाला आत वाढू पण देतील आणि एका आंघोळीवरनं बाहेर पण काढतील. कुठली संस्था कुठली ते तिच्या वेबसाइटवर लिहिलेलं नसतं.

ते कळायला प्राचार्यांना किंवा ट्रस्टींना भेटून उपयोग नाही, ते गोडच बोलणार. तिथं शिकणाऱ्या दुसऱ्या धर्माच्या पोरींना गाठा आणि विचारा की तुम्ही सकाळी सहाला कुठं असता. आजारी पडलं तर डॉक्टरकडे कोण नेतं ते विचारा. कुणी आधी नाही म्हटलंय का आणि त्याचं पुढं काय झालं ते विचारा. आणि स्वतःला पण विचारा, तीन रविवार गेटपास मिळाला नाही तर मी रडत घरी येईन की टिकेन, कारण प्रत्येकीच्या आईनं फोनवर तसं उत्तर दिलं असतं असं नाही, काही मैत्रिणींना घरूनच ओरडा बसला आणि त्या पुन्हा फरशीवर जाऊन बसल्या, त्यांना मी अजिबात नावं ठेवत नाही.

परवा बहिणीनं नव्या फॉर्मचा फोटो पाठवला. शेवटचं पान तसंच, 'श्रद्धेने' अजून तिथंच आहे. ती पण सतराचीच, सही काकांची लागणार, म्हणून आज काकांशी बोलले. त्यांना म्हटलं, तो शब्द खोडा, बाजूला लिहा की मुलगी हॉस्टेलची शिस्त पाळेल, उपासना तिच्या इच्छेवर, आणि खाली सही करा, फोटो काढून ठेवा. क्लार्कनं फॉर्म घेतला तर ठीक, नाही घेतला तर जे कळायचं ते काउंटरलाच कळलं. काका जरा बिचकले, पण हो म्हणालेत.

सीट फ्रीज करायची, म्हणजे हेच कॉलेज पक्कं करायचं, की बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या राउंडला दुसऱ्या कॉलेजसाठी, जायचं हे गुरुवारी पाचच्या आत ठरवायचंय. मंगळवारी संध्याकाळी मी तिला घेऊन साताऱ्याहून निघतेय, विश्रामबागला मावशीकडं मुक्काम, बुधवारी पहाटे पाचला मावशीच्या स्कूटीवर कॉलेजला. सहाच्या प्रार्थनेला ती त्या फरशीवर चाळीस मिनिटं बसेल आणि मग अर्धा तास रीडिंग रूममध्ये. त्यानंतर ती ठरवेल.