उपकेंद्रातला दवाखाना वापरून पाहिला: आईच्या बीपी-शुगरचा अनुभव

तापी आणि सातपुड्याच्या मधल्या केळीपट्ट्यात आमचं गाव. गावच्या उपकेंद्रावर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी आहे. मागच्या पावसाळ्यापासून आईची बीपी आणि शुगर आम्ही तिथेच दाखवतोय. "फुकटच्या दवाखान्यात कशाला नेतो?" असं भाऊबंदकीत बऱ्याच जणांनी विचारून झालंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी आईचं सगळं वैद्यक एका कॅरीबॅगेत होतं. तालुक्याच्या एका डॉक्टरची चिठ्ठी बीपीची, दुसऱ्याची शुगरची, गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याने दिलेली पेनकिलर, आणि मागे कधीतरी जिल्ह्याला दाखवलं तेव्हाच्या उरलेल्या स्ट्रिपा. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असेलही, पण ती पिशवी पूर्ण उघडून कोणी पाहिली नव्हती.

उपकेंद्रातल्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी पहिल्याच भेटीत ती टेबलावर उलटी केली. सगळ्या स्ट्रिपा ओळीने लावल्या, चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि दोन स्ट्रिपा बाजूला काढल्या. दोन कंपन्या, दोन नावं, रंगही वेगळे. औषध मात्र दोन्हींत एकच, बीपीचं ॲम्लोडिपिन. आईच्या पायांना सूज येत होती आणि आम्ही ती वयावर ढकलत होतो. या गोळीने घोट्यांना सूज येऊ शकते आणि डोस वाढला की शक्यता वाढते, हे तेव्हा कळलं. "गोळी बंद करायचा अधिकार माझा नाही," म्हणत त्यांनी तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी एक स्ट्रिप थांबवली. पेनकिलरही बंद करायला सांगितली, कारण रोज घेतली तर तीही बीपी वाढवते आणि किडनीवर ताण आणते. पुढच्या फेऱ्यांमध्ये सूज उतरत गेली. आता आई दारात दिसली की मॅडम आधी विचारतात, "आजी, पाय कसा शेत आते?" (पाय कसे आहेत आता?) मॅडम धुळ्याकडच्या, त्यामुळे अहिराणी घरचीच. आईला तिथे सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हे.

बीपी मोजायची पद्धतही सांगण्यासारखी आहे. आल्याबरोबर पट्टा गुंडाळत नाहीत. पाच मिनिटं पाठ टेकून बसवतात, बाही वर करायला लावतात, बोलू देत नाहीत, आणि आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने परत घेतात. आईला न बोलता पाच मिनिटं बसवणं हेच मोठं काम. आमच्याकडे इतकी वर्षं लुगड्याच्या पदरावरूनच पट्टा लागायचा.

आहाराचा सल्ला तर मी पहिल्यांदाच कामाचा ऐकला. "मीठ कमी करा" हे आईला सगळ्यांनीच सांगितलेलं, आणि तीही भाजीत कमीच टाकते. मॅडमनी उन्हाळी कामांचं विचारलं. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, किती केले, उडदाच्या पापडात पापडखार किती, लोणच्याचा खार भाकरीला लावता का. मीठ तिथून पोटात जात होतं. पापडखारातही सोडियमच असतं. पापड सोडा असं त्या म्हणाल्याच नाहीत. रोजचा पापड आठवड्यातून एकदा, एवढ्यावर तडजोड झाली. कळण्याची भाकरी चालू आहे, ठेचा निम्म्यावर आलाय.

औषधं एका वेळी महिनाभराची मिळतात. तारीख चुकली की आशाताई घरी येते, आणि हीच गोष्ट मला गोळ्यांपेक्षा मोलाची वाटते. कापूस वेचणीत आम्ही सगळे शेतात होतो आणि आई गेलीच नाही, तेव्हा ताई संध्याकाळी ओट्यावर येऊन बसली. खासगीत आपण नाही गेलो तर आपण नाही गेलो, विषय संपला. इथे वहीत आपल्या नावापुढची जागा रिकामी राहिली की ती कोणाच्या तरी डोळ्यांवर येते.

मी यावर थोडं वाचलं. एका माणसाचं सगळं एकाच ठिकाणाहून बघायचं, अमेरिकेत याच विचाराला 'मेडिकल होम' म्हणतात. 1967 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा शब्द वापरला तो जुनाट आजाराच्या मुलांचे सगळे कागद एका जागी असावेत म्हणून. म्हणजे सुरुवात पिशवीपासूनच! पुढे 2007 मध्ये डॉक्टरांच्या चार संघटनांनी मिळून तत्त्वं लिहिली: प्रत्येकाचा एक ठरलेला डॉक्टर, त्याच्यासोबत टीम, आजाराऐवजी अख्ख्या माणसाकडे बघणं, इतर दवाखान्यांशी जोडून घेणं, गरजेला लगेच भेट मिळणं, आणि या सगळ्या कामाचे वेगळे पैसे. शेवटचा मुद्दा आपल्याकडे सोयीस्कर विसरला जातो.

ही काही जादू नाही. पेनसिल्व्हेनियात 32 दवाखान्यांत तीन वर्षं केलेल्या प्रयोगाचा निकाल 2014 मध्ये आला. गुणवत्तेच्या 11 मोजमापांपैकी एकातच सुधारणा दिसली, मधुमेहींच्या किडनीच्या तपासणीत, आणि खर्च घटला नाही. सिएटलच्या एका क्लिनिकमध्ये मात्र इमर्जन्सीच्या फेऱ्या 29 टक्क्यांनी कमी झाल्या. पण तिथे आधी काय केलं? एका डॉक्टरकडचे पेशंट सुमारे 2,300 वरून 1,800 वर आणले आणि भेटीची वेळ 20 मिनिटांवरून 30 केली.

आता आपलं. या केंद्रांची सुरुवात 14 एप्रिल 2018 ला छत्तीसगडमधल्या जांगला गावातून झाली. एका उपकेंद्रामागे सपाटीवर 5,000 आणि आदिवासी भागात 3,000 लोकसंख्या धरतात. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी, शिवाय बाळंतपणाआधीची काळजी, लसीकरण, हे सगळं एक सीएचओ, सिस्टर, आरोग्य सेवक आणि आशांवर. वर मोबाईलवर भरायच्या नोंदी. आमच्या मॅडम आईशी बोलताना मान वर आणि अंगठा मोबाईलवर असं करतात तेव्हा राग येतो, पण त्यांचा नाही.

सगळ्यात मोठी उणीव यातच आहे. मॅडम प्रशिक्षणाला गेल्या त्या काळात फाईल कपाटात, कपाटाला कुलूप. गोळ्या मिळाल्या, पण विचारपूस शून्य. एका माणसाच्या चांगुलपणावर चाललेलं काम त्या माणसाची बदली झाली की बसतं. आमच्याकडे ते अजून झालं नाही, पण शेजारच्या गावात झालंय आणि तिथले लोक परत तालुक्याच्या रांगेत उभे आहेत.

दुसरं, वर पाठवलं की दोरा तुटतो. शुगरवाल्यांचा डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासावा लागतो म्हणून चिठ्ठी देऊन मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे चिठ्ठी कोणी वाचली नाही, नवीन केसपेपर निघाला, आणि तिथून उत्तर म्हणून उपकेंद्राला काहीही आलं नाही. काय सांगितलं ते मीच तोंडी मॅडमना सांगितलं. चौदा आकडी आभा कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य ओळखपत्र, दोन्हीकडे मागितलं, नंबर लिहून घेतला, तेवढंच. खासगीत तर तेही कोणी मागत नाही.

मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचा तुटवडा अधूनमधून होतो. महिन्याऐवजी दहा दिवसांच्या गोळ्या देतात आणि म्हाताऱ्या माणसाला उन्हात पुन्हा बोलावतात. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला हे सांगायला नको. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलणं झालं, रेंज होती तेवढा वेळ चांगलं झालं.

बीपी, शुगर, गरोदरपण, लहान मुलं यांसाठी मी डोळे झाकून उपकेंद्र सुचवीन, मात्र तिथे टिकून बसणारा माणूस आहे का ते आधी बघा. छातीत दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल तर इथे वेळ घालवू नका, थेट 108. जायचं तर दुपारच्या आत जा, नंतर मॅडम गावात फिरतीवर किंवा मीटिंगला असतात. घरातली औषधांची पिशवी अख्खी न्या, निवडून नको. आणि एक शंभरपानी वही स्वतःची ठेवा. बीपीचा आकडा, तारीख, बदललेली गोळी त्यात त्यांच्याकडूनच लिहून घ्या. कपाटाला कुलूप होतं तेव्हा आमचं त्या वहीवरच भागलं.