पिर्लोच्या पायातला बूट: नायकी टिएम्पो लेजंड
२००१ साली ब्रेशिया या इटालियन फुटबॉल क्लबात प्रशिक्षक मात्झोनेंनी इटलीचा मधल्या फळीतला खेळाडू पिर्लो याला बचावफळीच्या पुढ्यात आणलं. तिथून लांब पास मारायला चेंडूचा अचूक अंदाज हवा. पुढे युव्हेंटस क्लबात तो वापरायचा त्या टिएम्पो लेजंडचं कांगारूचं मऊ कातडं हा अंदाज सुंदर देतं. चेंडू बुटावर थबकतो, उसळत नाही.

कातडं सैलावतं, म्हणून घेताना किंचित घट्टच घ्या. भिजलं की आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. उन्हात कडक होऊन भेगा पडतात. एफजी (फर्म ग्राउंड) स्टड, म्हणजे तळव्याचे लांब खुंट, नैसर्गिक गवतासाठीच. कृत्रिम टर्फवर ते रुततात, गुडघा पिरगळू शकतो; तिथे आखूड, जास्त खुंटांचा एजी (कृत्रिम गवताचा) किंवा टीएफ (टर्फचा) तळवाच हवा. २०२३ च्या लेजंड १० मध्ये कृत्रिम कातडं आलं. कांगारूच्या कातड्याची जुनी जोडी मापाची मिळाली तर सोडू नका.