‘आरसीवर मोठं इंजिन चढवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका

दोन लाख अठरा हजार रुपये घेऊन एका गॅरेजवाल्याने आम्हाला अशी ओम्नी दिली, जी रस्त्यावर आणली तर जप्त होईल आणि ट्रॅकवर नेली तर तपासणीतच बाद होईल. हाच माणूस आजही तेच ‘पॅकेज’ विकतोय: जुनी व्हॅन आणा, रेसची गाडी न्या, रोजच्या वापरालाही चालेल, आरसीवर सगळं कायदेशीर. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहिता येत नाही. धंद्याची पद्धत लिहिता येते, ती सगळी लिहितोय.

‘असल्या भानगडीत पडलातच कशाला’ म्हणणाऱ्यांसाठी आधी हे. कल्पना वेडगळ नव्हती. ओम्नी मागच्या चाकांवर चालते, इंजिन पुढच्या सीटखाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं, वजन आठशे किलोच्या आत आणि इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मारुतीनेच २००१ मध्ये व्हर्सा आणली. तीही व्हॅनच, तिच्यातही इंजिन सीटखाली उभं, ताकद मागच्या चाकांना, पण इंजिन जी१३बीबी: १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८२ हॉर्सपॉवर. म्हणजे ओम्नीच्या दुपटीहून जास्त. सोबत पाच गिअरचा बॉक्स. माउंटिंग नवीन करा, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) मापात आणा, रेडिएटर मोठा घाला, कार्ब्युरेटरची ओम्नी असेल तर टाकीत इलेक्ट्रिक पंप आणि रिटर्न लाइन टाका, मूळ ईसीयूसकट (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरसकट) न कापलेली वायरिंग आणा, की काम होतं. यांत्रिकदृष्ट्या होतं. हे माहीत असलेल्यांनाच गाठून हा माणूस फसवतो, कारण त्याच्या बोलण्यातली नव्वद टक्के माहिती खरी असते.

पैशांचा हिशोब असा. इंजिन आणि गिअरबॉक्स ६८,००० रुपये. माउंटिंग, शाफ्ट, फॅब्रिकेशन २७,५००. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, ४६,०००. ब्रेक, मागचे पाटे, रेडिएटर ३१,५००. हे १,७३,००० यूपीआयने गेले. वरचे ४५,००० ‘पासिंग’चे, म्हणजे आरटीओत नवं इंजिन आरसीवर चढवण्याचे, ते त्याने रोख मागितले. व्हॅनचे ७२,००० वेगळेच, त्यात त्याचा संबंध नाही.

रोख मागितले तिथेच कळायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. पण आरटीओच्या कामाला एजंट रोखच घेतो, हे इथे कोणाला नवीन आहे? खरी खूण इंजिनावर होती.

इंजिन नंबर ब्लॉकवरच्या सपाट पट्टीवर पंच केलेला असतो. वीस वर्षं चाललेल्या इंजिनाचा ब्लॉक तेलकट, मातकट, काळपट असणारच. आमच्या इंजिनाचाही होता, फक्त नंबरची पट्टी सोडून. त्या पट्टीवर ताजा राखाडी रंग मारलेला होता. विचारलं तर म्हणाला, “नंबर नीट दिसावा म्हणून साफ करून रंग मारलाय, आरटीओवाला फोटो घेतो ना.” उत्तर इतकं सरळ होतं की पुढे विचारायचं काही उरलंच नाही. नंतर दुसऱ्या मेकॅनिकने थिनरच्या बोळ्याने तो रंग पुसला, तेव्हा खाली ग्राइंडरचे आडवे ओरखडे दिसले. कंपनीचे आकडे एका ओळीत, एका खोलीचे असतात. इथे दोन आकडे हाताने ठोकलेले, एक तिरका, एक जास्त खोल. बोट फिरवलं तरी जाणवत होतं. दोन मिनिटांचं काम होतं ते, एक चिंधी आणि थोडं थिनर. त्या दोन मिनिटांची किंमत दोन लाख झाली, याचा संताप अजून जात नाही.

नंबरवर रंग, पुट्टी, ग्रीसचा थर, काहीही दिसलं तर तिथेच पुसायला लावा. तो नको म्हणाला तर उठून या. खोडलेल्या नंबरचं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७, म्हणजे चोरीचा माल बाळगणं, तुमच्यावर येऊ शकतं.

इंजिन व्हर्साचंही नव्हतं. ते एस्टीमचं होतं. एस्टीमच्या नंतरच्या मॉडेलमध्ये हेच जी१३बीबी येतं, त्यामुळे वरून पाहून फरक कळत नाही, पण एस्टीममध्ये ते आडवं बसतं, पुढच्या चाकांसाठी. संप (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) वेगळा, माउंटिंगच्या जागा वेगळ्या. यांनी संप कापून वेल्ड केला आणि ब्रॅकेट बनवून इंजिन उभं टांगलं. कापलेल्या संपाच्या कडेने तेल झिरपत होतं, त्याला तो ‘नवीन पॅकिंग बसायला वेळ लागतो’ म्हणत होता. जुनं इंजिन घेताना ते कोणत्या गाडीतून निघालं, त्या गाडीची आरसी आणि भंगारात काढल्याचा कागद मागा. हे कागद नसलेलं इंजिन फुकट दिलं तरी घेऊ नका.

कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, त्याने दाखवलंच नाही, ‘गाडीत बसल्यावर बघू’ म्हणाला. या इंजिनाचं कंप्रेशन दर चौरस सेंमीला १४ किलोच्या आसपास हवं, १२ च्या खाली गेलं तर इंजिन उघडायची वेळ आली समजा आणि सिलिंडरांमधला फरक १ किलोच्या आत हवा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, अशी चाचणी करायची. आमच्याकडे आले ९.५, ९, ६ आणि १०. सहा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा पाहिलं तर आकडा ९ वर गेला, म्हणजे रिंगा संपलेल्या. ऑइल टाकूनही आकडा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधायचा. ६८,००० रुपयांत हे मिळालं.

शाफ्टचं सांगायलाच हवं, कारण त्यात जीव जाऊ शकतो. मधून कापून नळी जोडली, पण दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे काटे) एका पातळीत ठेवले नाहीत. योक जरा जरी फिरलेले राहिले तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वेग कमीजास्त करतो, गाडी ६० च्या वर थरथरते आणि शेवटी युनिव्हर्सल जॉइंट तुटतो. आमचा शाफ्ट बॅलन्सिंगला गेलाच नव्हता. बॅलन्स केलेल्या शाफ्टवर बारीक पत्र्याचे तुकडे स्पॉट वेल्ड केलेले दिसतात. आपल्या शाफ्टवर ते नसतील तर शाफ्टवाल्याची पावती मागा.

केजमध्ये त्याने सगळ्यात जास्त कमावलं. आंतरराष्ट्रीय नियमांत, म्हणजे एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये, मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची, किंवा ५० मिमीची आणि २ मिमी जाडीची सीमलेस नळी लागते. बाकीच्या नळ्या ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. आमच्या केजमध्ये १.६ मिमीची शिवणीची, म्हणजे लांबीत जोड असलेली नळी निघाली, खुर्च्या-टेबलांना वापरतात ती. रंग मारला की डोळ्यांना फरक कळत नाही. वजनाने कळतो: ४५ मिमी, २.५ जाडीची नळी मीटरला सुमारे २.६ किलो भरते, १.६ जाडीची सुमारे १.७. वाकवण्याआधी एक मीटर तुकडा काट्यावर ठेवा. केज तयार झाला असेल तर कमी ताणाच्या जागी ५ मिमीचं भोक पाडून जाडी मोजा. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही.

वेल्डिंगही दिसणाऱ्या बाजूचंच. खांबाला चिकटलेल्या नळीच्या मागे वेल्डिंगचा टॉर्च पोचत नाही, म्हणून जाणकार लोक फ्लोअरला भोकं पाडून केज खाली सोडतात, वरचे सांधे पूर्ण गोल वेल्ड करतात, मग केज वर उचलून पायाखाली प्लेटा बसवतात. आमच्या सांध्यांच्या मागे आरसा धरून पाहिलं तर जोड कोरडा होता. प्लेटांचं तर काही बोलायलाच नको. प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेंमीची प्लेट, तीन एम८ बोल्ट, ग्रेड ८.८, एवढं किमान आहे. यांनी नळी सरळ ओम्नीच्या पातळ पत्र्यावर ठेवून टाके मारले. गाडी उलटली तर तो पाय पत्रा फाडून खाली जाणार आणि कमान डोक्यावर येणार. बांधणाऱ्याला हे माहीत होतं, त्याच्या बोलण्यात एफआयए सारखं येत होतं.

आता त्या ४५,००० विषयी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंजिन खराब झालं तर त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बसवता येतं. ७९६ च्या जागी १२९८ चढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मालकाला, हे लक्षात ठेवा.

त्याने आरसीचं कार्ड आणून हातात दिलं. क्युआर कोड, नवा इंजिन नंबर, १२९८ सीसी, सगळं छापलेलं. डिजिलॉकरमध्ये मात्र ७९६ च दिसत होतं. त्यावर त्याचं उत्तर: “सर्व्हरवर चढायला महिना-दीड महिना लागतो.” सरकारी सर्व्हर कसे चालतात ते आपण सगळे रोज भोगतो, मग हे खोटं का वाटावं? पण हे पक्कं ध्यानात ठेवा: आरसीचं कार्ड आरटीओकडून टपालाने मालकाच्या पत्त्यावर येतं, गॅरेजवाल्याच्या खिशातून येत नाही. आणि परिवहनच्या प्रत्येक कामाला अर्ज क्रमांक आणि फीची पावती असते. ती आधी मागा, कार्ड नंतर.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य काय ऐकावं लागलं? “पैसे तुम्हीच दिलेत ना? मग हा दिवाणी मामला आहे.” सरकारी कार्ड बनावट छापून विकणं दिवाणी? त्यावर म्हणाले, कार्ड बनावट आहे असं आरटीओकडून लेखी आणा. आरटीओच्या खिडकीवर सांगितलं, कार्ड आमच्याकडून गेलेलं नाही, पण लेखी हवं असेल तर पोलिसांचं पत्र लागेल. पोलीस म्हणाले पत्र गेलंय. आरटीओ म्हणालं आलेलं नाही. आवक क्रमांक कोणी देत नाही. ज्यांच्या नावाने बनावट कार्ड बाजारात फिरतंय, त्यांना त्याची चाड नाही. ते कार्ड हातात घेऊन कोणी पाहिलंसुद्धा नाही! साहेब बैठकीला, साहेब दौऱ्यावर, साहेबांची बदली. शेवटी एका हवालदाराने खासगीत खरं काय ते सांगितलं: “जास्त ताणू नका. आधी तुमचीच गाडी जप्त होईल, तुमच्यावरच कलम लागेल.” आम्ही पैसे परत मागितले तेव्हा गॅरेजवाल्यानेही नेमकं हेच वाक्य ऐकवलं होतं. त्याचा सगळा धंदा या एका धमकीवर उभा आहे, आणि यंत्रणा ती धमकी त्याच्या वतीने देत फिरते.

घाबरून गप्प बसू नका. गाडी रस्त्यावर आणणं त्याच दिवशी बंद करा, मूळ इंजिन परत बसवा (ते गॅरेजवाल्याकडे कधीच सोडू नका, आम्ही उचलून आणलं होतं म्हणून वाचलो, पूर्ववत करायला १८,६०० गेले), आणि काढलेल्या प्रत्येक भागाचे फोटो तारखेसकट ठेवा. तक्रार लेखी द्या, न्याय संहितेचं ३१८(४) फसवणुकीसाठी आणि ३३६ बनावट दस्तऐवजासाठी, असं स्पष्ट लिहा. गुन्हा नोंदवून घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. यूपीआयचे पैसे नुकतेच गेले असतील तर वाट न पाहता १९३० ला फोन करा.

ग्राहक आयोगात जाताना तक्रार केज, शाफ्ट आणि इंजिनाच्या दर्जाची करा, ‘पासिंग करून दिलं नाही’ याची नको, नाहीतर समोरचा वकील बेकायदा कराराचा मुद्दा काढून तुम्हाला तिथेच अडवतो. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत दोन वर्षं.

ज्यांना रेसच करायची आहे त्यांनी रस्ता आणि ट्रॅक वेगळे ठेवावेत. मोठ्या इंजिनाची व्हॅन ट्रॅकपुरती बांधायची, फ्लॅटबेडवरून न्यायची-आणायची, आणि केजची नळी कापण्याआधी एफएमएससीआयच्या (भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या) स्पर्धेचे नियम वाचायचे. रस्त्यावर फिरवायची असेल तर इंजिन ७९६ च ठेवा. ब्रेक, पाटे, टायर कंपनीच्या मापात पण नवे घाला, कंप्रेशन नीट करून घ्या. या खर्चात ४५,००० चा ‘पासिंग’चा आकडा कुठेच येत नाही.

कोणी असंच कार्ड आधीच घेतलं असेल तर आज डिजिलॉकर उघडून सीसी आणि इंजिन नंबर कार्डाशी ताडून पाहा. जुळत नसेल तर ते कार्ड पोलिसांना किंवा विमा कंपनीला दाखवू नका. बनावट कागद वापरणं हाही वेगळा गुन्हा आहे. कार्ड पाकिटात सील करून तक्रारीला जोडा, आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.