फ्री डिश, आठ महिने वापरल्यावर (आणि बाबांच्या अँटेनाची हकिकत)

सेमिनरी हिल्सचा टीव्ही टॉवर आमच्या गच्चीवरून सरळ दिसतो. एवढा टॉवर समोर असताना केबलवाल्याला दरमहा पैसे द्यायचे, हे बाबांना कधी पटलंच नाही. 2013 च्या मार्चअखेर नागपुरातल्या केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हाही आमच्याकडे अँटेनाच. "टॉवर डिजिटल होऊ दे, मग पाहू." 2016 मध्ये दूरदर्शनने 16 शहरांत टॉवरवरून डिजिटल सुरू केलं. यादीत औरंगाबाद होतं, नागपूर नव्हतं. बाबा थांबले. 2021-22 मध्ये देशभरातले बहुतेक अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद झाले, आमच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या उरल्या. बाबा तरीही थांबलेच, मोबाईलवर बातम्या पाहत. शेवटी मागच्या दिवाळीनंतर मीच बर्डीच्या बाजारात जाऊन फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट डिश टीव्हीचा, सेट घेऊन आले.

डिश, एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा छोटा डबा), बॉक्स, वायर आणि बसवणावळ धरून 1,850 रुपये गेले. महिन्याचं काहीच नाही. बाबांनी लगेच जुनी वही काढली. 2019 ला नवे दर आले तेव्हा केबलच्या नुसत्या कनेक्शनचे महिन्याला 130 आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. म्हणजे बारा-तेरा महिन्यांत पैसे वसूल.

यात एक चूक माझी. दुकानदार म्हणाला, "ताई, सगळं दिसते यात, काही टेन्शन नका घेऊ." मी घेतला तो एमपेग-2 चा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीचा, बॉक्स. घरी आल्यावर कळलं की फ्री डिशवरचे काही चॅनल एमपेग-4 या नव्या पद्धतीत येतात आणि या बॉक्सला ते उघडतच नाहीत. बदलून घ्यायला गेले तर त्याने वरून 300 मागितले. घेणार असाल तर खोक्यावर एमपेग-4 लिहिलेलं आहे का ते आधी वाचा, दुकानदाराच्या तोंडाकडे पाहू नका.

बसवायला आलेला पोरगा हुशार होता. डिश आग्नेयेला, जीसॅट-15 उपग्रहाकडे, बरीच वर तोंड करून. तो गच्चीवर, बाबा टीव्हीसमोर, मी जिन्यात निरोप्या. "आलं का काका?" "स्ट्रेंथ 80, क्वालिटी शून्य!" बोटभर सरकवली की 40, अजून केसभर की 65. स्ट्रेंथचा आकडा पाहून खूश होऊ नका; एलएनबीला करंट पोचला की तो चढतोच. चित्र येतं ते क्वालिटीवर.

चित्र मात्र काचेसारखं. आमच्या डबा टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी वायर लावली तरी सह्याद्रीवरच्या निवेदिकेच्या साडीचे काठ दिसतात. भारताच्या वनडे आणि टी-20 डीडी स्पोर्ट्सवर फुकट, आणि 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे केबलवाल्यांच्या डीडी स्पोर्ट्सवर त्या दिसत नाहीत, म्हणून शेजारचे काका आमच्याकडे येऊन बसतात. गंमत अशी की बाबांचा रेडिओ सवयीने चालूच असतो. रेडिओवर विकेट पडते, टीव्हीवर बॉलर अजून धावत असतो. काका वैतागून म्हणतात, "बंद करा ना तो डबा, सगळी मजा घालवून राहिले."

खाजगी चॅनलचा भरवसा धरू नका. जागा लिलावात जातात, आज आहे तो उद्या गायब. अधूनमधून पुन्हा स्कॅन मारावं लागतं आणि ते बाबांना जमत नाही. दोन रिमोटचाही घोळ होतो, म्हणून बॉक्सच्या रिमोटला लाल चिकटपट्टी लावली आहे.

खरी तक्रार पावसाची. जूनमधल्या पहिल्या वादळात आभाळ काळं झालं तसं चित्राचे चौकोन झाले, आवाज अडकला आणि 'नो सिग्नल'. वीस मिनिटं काही नाही. अँटेनावर पावसात मुंग्या यायच्या, पण मुंग्यांआडून बातमी ऐकू यायची. इथे आलं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. नेमकं हवामानाचं ऐकायचं असतं तेव्हाच हा मुका होतो.

वादळानंतर त्याच पोराला डिश नीट करायला बोलावलं. जाताना तो म्हणाला, "हा अँटेना भंगारात देऊन टाकू का?" बाबा म्हणाले, "राहू दे. टॉवरवर डिजिटल आलं तर हाच लागेल." मी मनात हसले. मग पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "बराबर आहे काकाचं. टॉवरचं डिजिटलही अँटेनावरच येते."