ठाण्याहून मातीत जायचं असेल तर: हिमालयन ४५० की एक्सपल्स?

डांबर आणि माती दोन्हीकडे चालेल अशी एकच मोटरसायकल घ्यायची, बजेट थोडंफार ताणता येतं आणि राहणं ठाणे किंवा नवी मुंबईत. असं असेल तर बहुतेकांची यादी शेवटी दोनच नावांवर येऊन थांबते. माझीही तिथेच थांबली होती. मी हीरोची एक्सपल्स २०० फोर व्ही घेतली. माझ्या मेहुण्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आहे आणि आम्ही एकत्र निघालो की निम्म्या वाटेवर गाड्या बदलतो. त्यामुळे दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी, त्याच दमलेल्या हातांनी चालवल्या आहेत. एवढ्याच अनुभवावर पुढचं लिहितो आहे. तुमची उंची, ताकद आणि वापर वेगळा असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकतो.

केटीएम ३९० अॅडव्हेंचर मी यादीतून आधीच काढली, कारण मला जे करायचं होतं त्यासाठी ती महागडी पडत होती. कावासाकीची केएलएक्स २३० मातीत फार छान आहे, पण सीट ८८० मिमी उंच, टाकी लहान, आणि आपल्याला माती लागेपर्यंत तासभर तरी डांबर तुडवावं लागतं. मागे बायको बसणार असेल तर तो विषय तिथेच संपतो.

डांबराचंच आधी बोलू, कारण तिथे हिमालयन सरळ जिंकते. मी कळव्याला राहतो. खारेगावला नाशिक हायवेला लागलं की माणकोली, भिवंडी बायपास, वडपे इथपर्यंत ट्रकांच्या मधून आणि रुंदीकरणाच्या कामांच्या कडेने जावं लागतं. या टप्प्यात दोन्ही गाड्या सारख्याच, उलट एक्सपल्स अरुंद असल्यामुळे जरा सोपी. पण पडघा ओलांडला, रस्ता मोकळा झाला, की हिमालयन काय गाडी आहे ते कळतं. ४० पीएस (म्हणजे अश्वशक्ती) आहेत, सहावा गिअर आहे, शंभरच्या आसपास ती अंगाला काहीही न जाणवू देता धावते आणि ट्रकला ओलांडताना आधी हिशोब करावा लागत नाही. एक्सपल्स ८०-८५ ला सुखी असते. त्यापुढे जाते, पण हँडलवर आणि पायांत जाणवायला लागतं. कसारा घाटात मागे माणूस असेल तर गिअर खाली घ्यावाच लागतो. मागची सीट, १७ लिटरची टाकी, डॅशवर दिसणारा नकाशा, या सगळ्यात हिमालयनला तोड नाही. लडाख किंवा स्पिती डोक्यात असेल तर पुढे वाचलं नाही तरी चालेल, हिमालयन घ्या.

पण हायवेची ही ताकद आपल्याकडे किती वापरता येते, हेही बघायला हवं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दुचाकीला बंद. समृद्धी बंद. अटल सेतू बंद. म्हणजे आपल्या आसपासचे सगळ्यात वेगाचे रस्ते गाडी कितीही दमदार असली तरी आपले नाहीत. पुण्याकडे जायचं तर जुन्या रस्त्याने खोपोली, मग शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळा. त्या घाटात ४५० सीसीचा काही विशेष फायदा मला कधी जाणवला नाही.

आता माती. इथे लोक सस्पेन्शन आणि ग्राउंड क्लिअरन्सवर वाद घालतात. मला त्यात फारसा रस नाही, दोन्ही गाड्या आपल्या भागातली नव्वद टक्के वाट विनातक्रार काढतात. खडबडीत वाटेवर जरा वेग असेल तर हिमालयन जास्त स्थिरही वाटते, तिचं वजन तिथे मदतीला येतं. माझा निर्णय ठरवला तो दुसऱ्याच गोष्टीने, आणि ती गोष्ट कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही.

आपल्याकडची मातीची वाट कुठे पोचत नाही. ती संपते.

ठाणे आणि रायगड जिल्ह्यात जंगल आणि शेत यांच्या मधून जाणाऱ्या वाटा आहेत, पण त्या एका गावातून दुसऱ्या गावात निघतीलच असं नाही. कुठे वनखात्याने गाड्या शिरू नयेत म्हणून आडवा चर खणलेला असतो. कुठे गेल्या वर्षी मोकळं असलेलं माळरान यंदा प्लॉटिंगच्या कुंपणात गेलेलं असतं. कुठे साकव पावसात वाहून गेलेला असतो, कुठे वाट थेट कोणाच्या तरी खळ्यात जाऊन थांबते. चहाच्या टपरीवर विचारलं, "दादा, पुढे वाट निघते का?" तर उत्तर येतं, "निघते की." आणि निघतेही, पण डोक्यावर मोळी घेतलेल्या माणसाला. म्हणजे प्रत्येक फेरीत निदान एकदा तरी गाडी जिथे आहे तिथेच, बैलगाडीच्या रुंदीच्या वाटेवर, वळवून मागे आणावी लागते. हिमाचलमध्ये किंवा राजस्थानात राहणाऱ्याला हा प्रश्न पडत नसेल. आपल्याला तो दर रविवारी पडतो.

डोळखांबच्या पुढची एक जागा सांगतो. वाट ओढ्याकडे उतरते, डाव्या हाताला कारवीने भरलेला चढ, उजव्या हाताला कमरेएवढ्या खोलीवर भाताचं खाचर. खाली साकवाचा एकच खांब उरलेला. मी हिमालयनवर होतो आणि गाडीचं तोंड उताराकडे. अशा वेळी मागे घ्यायची म्हणजे १९६ किलो चढावर उलटं ओढायचं, आणि बुटाखाली सुटा मुरूम. हँडल पूर्ण डावीकडे, गाडी हातभर पुढे, ब्रेक. हँडल पूर्ण उजवीकडे, गाडी वीतभर मागे, पाय घसरला, पुन्हा ब्रेक. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकून ठेवला तर क्लच सोडताच मागचं चाक धरलं जातं, ही युक्ती उपयोगी पडते, पण ओढायचं वजन त्याने कमी होत नाही. मेहुण्याने मागच्या कॅरिअरला धरून ओढलं तेव्हा गाडी वळली. वळेपर्यंत आमचे दोघांचे शर्ट पिळून काढण्यासारखे झाले होते.

त्याच जागी एक्सपल्स मी एकट्याने वळवली. साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवायचा, हँडल आणि मागचं ग्रॅब रेल धरून गाडी स्वतःकडे झुकवायची, दोन्ही चाकं जमिनीवरून जेमतेम सुटली की स्टँडवर गाडी फिरवायची. स्टँडवर ताण येतो, म्हणून ही रोजची सवय करू नये, आणि बॅगा लावलेल्या असतील तर आधी उतरवाव्यात. पण जमतं. १५९ किलोला जमतं. दोन्ही गाड्यांतला फरक तांदळाच्या तीस किलोच्या कट्ट्याहून थोडा जास्त आहे. धावताना तो कट्टा कुठेच जाणवत नाही, वळवताना मात्र तोच सगळा खेळ ठरवतो.

याचा परिणाम नुसता दमण्यावर होत नाही. हिमालयन असली की मी अनोळखी फाटा बघून विचार करतो, पुढे बंद असलं तर काय, आणि सरळ डांबराने पुढे जातो. एक्सपल्स असली की तोच फाटा घेतो. नवीन जागा सापडतात त्या अशाच. चार-पाच जणांचा गट नेहमी बरोबर असेल तर हा मुद्दा बराच सौम्य होतो, हेही खरं आहे. माझं निघणं बहुतेक एकट्याचं किंवा दोघांचं असतं.

जागांबद्दल लोक सगळ्यात आधी येऊरचं नाव काढतात. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे डांबर सोडून आत गाडी घालणं सरळ गुन्हा आहे. तुंगारेश्वर, तानसा, कर्नाळा ही अभयारण्यं आहेत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथेही परवानगीशिवाय शिरता येत नाही. आत गावांचे रस्ते आहेत, त्यावरून गावाला जा आणि या, बाकी वाट सोडू नका. माथेरानला दस्तुरीच्या पुढे गाडी नाही. खाडीकडची तिवरं आणि चिखल यांचा विचारही करू नका. नवी मुंबईकरांना उलव्याकडची मोकळी जमीन आठवत असेल, तिथे आता विमानतळ आहे. शिळफाटा-तळोजा पट्ट्यातल्या बंद दगडखाणींत काही जण सराव करतात. मी सुचवणार नाही. पावसानंतर त्यात साचलेलं पाणी किती खोल आहे ते काठावरून कळत नाही, आणि काठाचा मुरूम ढासळतो.

मग उरतं काय? बरंच उरतं, फक्त थोडं लांब आहे. शहापूरचा पूर्व भाग, म्हणजे किन्हवली, डोळखांब, डेहणे, आजोबाच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत. मुरबाडचा पट्टा, म्हणजे म्हसा, धसई, गोरखगडाखालचं देहरी. पनवेलवाल्यांना नेरे-मालडुंगेची बाजू जवळ. इथले मुख्य रस्ते आता डांबरी झालेत, पण पाड्यांकडे आणि शेतांकडे फुटणाऱ्या गाडीवाटा अजून मातीच्या आहेत. याही भागात राखीव वन आहेच, तेव्हा पाटी किंवा चर दिसला की तिथून परत. म्हणून तर वळवण्याचं एवढं सांगतो आहे.

हंगाम दिवाळी ते होळी. पावसाळ्यात बांध ओले असतात, एका चाकाने फुटलेला बांध शेतकऱ्याला पुन्हा घालावा लागतो, आणि धबधबे-धरणांभोवती मनाईचे आदेशही निघतात. होळीनंतर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शेतात राखेचा काळा चौकोन दिसला तर त्यावरून गाडी नेऊ नका. तो राब भाजलेला असतो, पावसात तिथे भाताची रोपं धरायची असतात. आपल्याला ती मोकळी मऊ जमीन दिसते, त्या घरासाठी ते वर्षाचं भात असतं. पाड्यातून जाताना पहिला गिअर, हेल्मेटची काच वर आणि कंपनीचाच सायलेन्सर. या भागात अजून आपल्याला पाणी विचारतात, चहा विचारतात. ते टिकावं असं मनापासून वाटतं.

आता पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा, पूर्वी सेस धरून ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. त्यामुळे दोन्ही गाड्यांमधलं अंतर आणखी वाढलं, ऑन-रोड लाखाच्या वरच पडतं. त्या पैशात चांगलं हेल्मेट, बूट, गुडघ्यांचे गार्ड, मातीचे टायर आणि कुठेतरी दोन दिवसांचं रीतसर प्रशिक्षण, एवढं सगळं बसून काही शिल्लक राहील. बूट आणि प्रशिक्षणाने गाडी चालवण्यात जो फरक पडतो तो हिमालयनच्या जास्तीच्या २१ पीएसने पडत नाही, असं माझं मत.

एक्सपल्स २१० आल्यापासून हा हिशोब आणखी सोपा झाला आहे. मी तिची फक्त टेस्ट राइड घेतली आहे, पण लिक्विड कूल्ड इंजिन, साडेचोवीस पीएस आणि सहावा गिअर यामुळे नाशिक हायवेवरची माझी मुख्य तक्रार तिथे बरीच कमी होते. वजन १६८ किलोच्या घरात गेलंय, तरीही हिमालयनपेक्षा खूपच कमी. मी आज नव्याने घेत असतो तर हीच घेतली असती. जुन्या एक्सपल्सच्या उंच प्रो आवृत्तीच्या मोहात मात्र पावणेसहा फुटांखालच्यांनी पडू नये. तिची सीट ८९० मिमीच्या आसपास आहे, आणि उतारावर पाय टेकला नाही तर गाडी हलकी असून उपयोग नाही.

सेकंड हँडमध्ये जुनी हिमालयन ४११ पुष्कळ मिळते. खालच्या आरपीएमला तिची ओढ मला ४५० पेक्षाही आवडते, चढावर गाडी न भडकवता हळूहळू निघते. पण तीही १९९ किलोची, म्हणजे वळवण्याचा प्रश्न जिथल्या तिथेच.

टेस्ट राइडला गेलात तर शोरूमसमोरच्या रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नका. त्यांना विचारून गाडी एखाद्या उतारावर तोंड खाली करून उभी करा, इंजिन बंद करा, खाली उतरा आणि एकट्याने वळवून बघा. जवळ कोणी उभं असू द्या, मात्र हात त्यांना लावू देऊ नका. ज्यांना हिमालयन तिथे सहज वळवता आली, त्यांनी ती बिनधास्त घ्यावी. दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब आणि पाने बरोबर ठेवा. किन्हवलीच्या पुढे पंक्चरवाला भेटतो, पण त्याच्याकडे ती ट्यूब नसते.