‘लाइफटाइम अनलिमिटेड’ रिसेलर होस्टिंग : पैसे भरण्याआधी हे तपासा

छोट्या व्यावसायिकांना साइट बनवून द्यायची आणि होस्टिंगही (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) दुसऱ्याकडून घेऊन आपणच पुरवायचं, असा रिसेलर होस्टिंगचा धंदा सुरू करणारे पुष्कळजण पहिल्याच खरेदीत फसतात. जाहिरात साधारण एकाच धाटणीची असते. एकदाच पैसे भरा आणि आयुष्यभर वापरा, जागा अमर्याद, तुमच्या नावाचा साइट बिल्डर (साइट बनवायचं तयार साधन), बिलिंगचं सॉफ्टवेअर फुकट. पहिले काही महिने सगळं सुरळीत चालतं, म्हणून माणूस निर्धास्तपणे ग्राहक जोडत जातो. नुकसान तिथेच वाढतं, कारण पुढे बुडतात ते त्या ग्राहकांचे व्यवसाय.

आधी हिशोब बघा. विकणाऱ्यालाही सर्व्हरचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं. सीपॅनेलने (होस्टिंगची खाती सांभाळायच्या सॉफ्टवेअरने) २०१९ पासून परवान्याची किंमत खात्यांच्या संख्येवर बांधली, म्हणजे तुम्ही उघडलेल्या प्रत्येक खात्यागणिक त्याचा खर्च वाढत जातो. एकदाच घेतलेल्या पैशांतून हे कायमचं भागत नाही. जुन्यांचं भाडं नव्यांच्या पैशांतून जातं, आणि नवे यायचे थांबले की भाडं थकतं. मग डेटा सेंटर सर्व्हर बंद करतं आणि काही दिवसांनी पुसून टाकतं. ‘रोजचा बॅकअप’ त्याच सर्व्हरवर असेल तर तोही जातो.

‘अमर्याद’ जागेची मर्यादा आयनोडमध्ये लपलेली असते. आयनोड म्हणजे ढोबळमानाने फाइलींची संख्या. वर्डप्रेसच्या कोऱ्या साइटमध्येच तीन हजारांच्या वर फाइली असतात. थीम, प्लगइन आणि प्रत्येक फोटोच्या लहानमोठ्या प्रती धरल्या तर १५ हजार सहज होतात. त्यात सर्व्हरवर बहुधा प्रत्येक मेल ही एक स्वतंत्र फाइल असते. चार मेलबॉक्समध्ये मिळून ४० हजार मेल असतील तर एका ग्राहकाचे ५५ हजार आयनोड झाले. पूर्ण रिसेलर खात्याला अडीच लाखांची मर्यादा असेल तर पाचवा असा ग्राहक त्यात बसत नाही. डिस्क जवळपास रिकामी दिसते, पण नवा मेल परत जातो आणि फोटो चढत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी तीन आकडे लेखी मागा: आयनोड, प्रत्येक खात्याला मिळणारा सीपीयू (प्रोसेसरची ताकद), आणि एकाच वेळी चालू शकणाऱ्या प्रोसेस (सर्व्हरवरची कामं). साइटवर ५०८ क्रमांकाची एरर येते ती बहुतेक वेळा या शेवटच्या दोन मर्यादा ओलांडल्यामुळे.

डोमेनमधली (साइटच्या नावातली) फसवणूक त्याहून वाईट, कारण ती सर्वांत उशिरा कळते. ‘डोमेन फुकट’ म्हणून विक्रेता ते नोंदवतो, पण नोंदणीत नाव आणि ईमेल स्वतःचा टाकतो. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या बाबतीत आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनुसार रजिस्ट्रारने (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने) नोंदणीनंतर १५ दिवसांत धारकाच्या ईमेलची किंवा फोन नंबरची पडताळणी करायची असते, त्यासाठी सहसा ईमेलच पाठवतात. असा मेल तुम्हाला किंवा ग्राहकाला आलाच नाही, तर नोंदीत कोणाचा ईमेल आहे ते त्याच दिवशी विचारा. पुढे भांडण झालं तर रजिस्ट्रार ऐकतो तो नोंदीतल्या धारकाचं. पैसे कोणी भरले याला तिथे वजन नसतं. आमच्या मते डोमेन नेहमी ग्राहकाच्याच नावाने, होस्टिंगवाल्यापासून वेगळ्या रजिस्ट्रारकडे असावं. यात तडजोड करू नये.

बिल्डरबाबत एकच प्रश्न विचारा: बनवलेली साइट बाहेर कशी काढायची? बऱ्याच भाड्याच्या बिल्डरमध्ये पानं त्यांच्याच डेटाबेसमध्ये, त्यांच्याच रचनेत साठवलेली असतात. बाहेर पडताना हाती मजकूर आणि फोटो येतात, साइट पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागते. फुकटचं बिलिंग सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं (परवान्याचं कुलूप तोडलेलं) असेल तर हातही लावू नका. सर्व्हरची किल्ली त्या सॉफ्टवेअरकडेच असते, त्यामुळे त्यात लपवलेला एक चोरदरवाजा सगळ्या ग्राहकांच्या साइट उघडून देतो.

खरी परीक्षा अशी घ्या. एकच महिना भाड्याने घ्या. एक चाचणी खातं उघडून त्यात साइट आणि दोन मेलबॉक्स टाका. पूर्ण खात्याचा बॅकअप स्वतः उतरवा आणि दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवून बघा. हे विक्रेत्याला न विचारता जमलं नाही, तर तिथे एकही ग्राहक ठेवू नका. नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारा सर्व्हर) स्वतःच्या डोमेनवर बनवा. सर्व्हर बदलला तरी ग्राहकांना काही करावं लागत नाही, रजिस्ट्रारकडे नेमसर्व्हरचा आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) बदलला की थोड्या वेळाने सगळे एकत्रच नव्या जागी जातात.

आधीच अडकला असाल तर भांडण नंतर करा. आधी प्रत्येक खात्याचा बॅकअप स्वतःच्या संगणकावर उतरवा आणि डीएनएसच्या (डोमेनची साइट आणि मेल कुठे आहे ते सांगणाऱ्या) सगळ्या नोंदी उतरवून घ्या, त्या विक्रेत्याच्या सर्व्हरसोबतच नाहीशा होतात. हलवण्याच्या दोन दिवस आधी टीटीएल (जुनी डीएनएस नोंद इतरत्र किती वेळ लक्षात ठेवली जाते तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. डोमेनची नोंद बदलताना घाई नको: धारकाचं नाव किंवा ईमेल बदलला की अनेक रजिस्ट्रार ६० दिवस डोमेन दुसरीकडे नेऊ देत नाहीत. हा अडथळा नाकारायचा पर्याय असेल तर तो बदल करण्याआधीच निवडावा लागतो. पैसे कार्डाने भरले असतील तर बँकेकडे तक्रारही लगेच करा, तिला मुदत असते.

साइट नव्या जागी उघडली की काम संपलं असं समजू नका. नव्या सर्व्हरची डीकेआयएम किल्ली (मेलवरच्या सहीची) वेगळी असते आणि एसपीएफमध्ये (तुमच्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरच्या यादीत) अजून जुनाच आयपी असतो. या दोन नोंदी बदलायच्या राहिल्या तर साइट व्यवस्थित दिसते, पण तुमच्या ग्राहकाने पाठवलेली बिलं समोरच्याच्या स्पॅममध्ये पडत राहतात.