तळघरात ठेवायला बोर्दो की बर्गंडी?

दहा-पंधरा वर्षं ठेवायची म्हणून फ्रेंच रेड घ्यायची आणि हाताशी साधारण 500-600 युरो आहेत, तर प्रश्न बहुतेक वेळा दोनच ठिकाणी येऊन थांबतो: बोर्दो प्रांतात नदीच्या डाव्या तीरावरची, मुख्यतः काबर्ने द्राक्षाची वाइन, की बर्गंडी प्रांताच्या कोत द न्वी पट्ट्यातली पिनो न्वार द्राक्षाची. ऱ्होन खोऱ्याच्या उत्तर भागातली सिरा द्राक्षाची वाइनही ठेवण्याजोगी असते, पण ती इथे बाजूला ठेवू.

या रकमेत काय पदरात पडतं ते आधी. बोर्दोमध्ये सें-जुलियाँ किंवा पोयाक या गावांमधल्या, 1855 च्या दर्जांच्या वर्गवारीतल्या एखाद्या शातोचं (वाइन बनवणाऱ्या मळ्याचं), लेओव्हिल बार्तों किंवा ग्रां-प्वी-लाकोस्त यांसारख्यांचं, सहा बाटल्यांचं लाकडी खोकं आवाक्यात येतं. त्याच पैशात बर्गंडीत जव्रे-शांबर्तां किंवा मोरे-सें-दनीच्या चांगल्या उत्पादकाच्या गावपातळीच्या दर्जाच्या बाटल्या मिळतात, किंवा त्यावरच्या प्रीमिए क्रू दर्जाच्या चार-पाच. सर्वांत वरच्या ग्रां क्रूचा विचारच नको. शिवाय बर्गंडीतल्या त्या चार-पाच बाटल्या सहसा एकाच वाइनच्या नसतात. मागणी असलेला छोटा उत्पादक नव्या गिऱ्हाइकाला हातात दोन-तीनच बाटल्या ठेवतो. हा मुद्दा पुढे निर्णायक ठरतो.

चव घेताना दोन्हींना एकच फूटपट्टी लावली की गफलत होते. तरुण बोर्दो 16-17 अंशांवर चाखावी, तरुण बर्गंडी 14-15 वर. खोली 24 अंशांची असेल आणि बाटली टेबलावर तशीच राहिली असेल, तर दोन्हींत अल्कोहोल पुढे येतं आणि फळ मागे पडतं. मग मत बनवण्यात अर्थ नसतो.

बोर्दोत पाहायचा तो तुरटपणा, आणि तो तोंडात नेमका कुठे लागतो ते. घोट दहा सेकंद तोंडात फिरवून टाकून द्या. वरच्या हिरड्यांवर बारीक पूड बसल्यासारखं वाटलं आणि त्या पुडीखालून काळ्या मनुकांसारखं फळ जाणवत राहिलं, तर बाटली ठेवण्यासारखी. फळ विरून गेलं आणि मागे कच्च्या केळ्याच्या सालीसारखा कोरडेपणा उरला, तर तो तुरटपणा वीस वर्षांनीही तसाच राहणार, कारण तो मऊ होईपर्यंत साथ द्यायला फळच नाही. शिसपेन्सिलीला टोक काढताना येतो तसा लाकडी वास पोयाकमध्ये आला तर आनंद मानावा. ढोबळी मिरचीचा वास हलका असेल तर चालतो. नाकात भरत असेल तर काबर्ने पुरती पिकलेली नव्हती.

पिनो न्वारची साल पातळ, त्यामुळे रंग फिका आणि तुरटपणा कमी. फिक्या रंगावरून ती टिकणार नाही असं समजू नये. बर्गंडीला उभं ठेवतो तो आंबटपणा. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटलं पाहिजे आणि चव निदान वीस-पंचवीस सेकंद रेंगाळली पाहिजे. काही उत्पादक देठांसकट घड आंबवतात. त्यातून येणारा हिरवट वास तरुणपणी खटकतो, पण वयानुसार तो मसाल्याकडे झुकतो. तेवढ्यावरून बाटली नाकारू नका.

दोन्हींना लागू पडणारी एक साधी चाचणी आहे. बाटली उघडल्यावर अर्धी वाइन प्या, उरलेली बूच लावून रात्रभर थंड जागी ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. बोर्दो दुसऱ्या दिवशी जास्त मोकळी आणि गोड फळाची लागली, तर खोकं घ्यायला हरकत नाही. बर्गंडीत मात्र ही चाचणी तितकीशी भरवशाची नाही. उत्तम पिनोही दुसऱ्या दिवशी निपचित पडलेली आढळते आणि तरीही बारा वर्षांनी सुरेख निघते.

आता ती अडचण, जिच्यामुळे माझा काटा एका बाजूला झुकला.

चांगली बर्गंडी पहिली दोन-तीन वर्षं फळाने भरलेली असते. मग ती मिटते. वास जवळजवळ नाहीसा होतो, चवीत आंबटपणा आणि लाकूड तेवढं उरतं. ही मुकी अवस्था कधी चार वर्षांची, कधी दहा वर्षांची. 2005 च्या सुगीच्या कोत द न्वीतल्या कितीतरी बाटल्या फारच दीर्घ काळ मिटलेल्या राहिल्या. एकाच गावातल्या शेजारच्या दोन बागांच्या वाइनही वेगवेगळ्या वेळी उघडतात. त्यातून नावावरही पुरता भरवसा ठेवता येत नाही. क्लो द वुजो ही सुमारे 50 हेक्टरची एकच ग्रां क्रू बाग, पण मालक ऐंशीच्या घरात. आपल्याकडे वाटण्या होऊन एकाच सातबाऱ्यावर नावांची रांग लागते, तसंच तिथेही विक्री आणि वारसाहक्काच्या वाटण्यांतून झालं आहे. त्यामुळे एकाच्या वाइनबद्दलचं मत दुसऱ्याच्या बाटलीला लागू पडत नाही.

आता हे सगळं दोन बाटल्यांशी जोडून पाहा. पहिली नवव्या वर्षी उघडली, ती मिटलेली निघाली. दुसरी किती वर्षांनी उघडायची? चौदाव्या वर्षी, की अठराव्या? पहिल्या बाटलीने फक्त एवढंच सांगितलं की आज वेळ नव्हती. दुसरीही चुकली तर पंधरा वर्षांची राखण वाया गेली, आणि ती वाइन खरोखर कशी होती हे कधीच कळणार नाही. सुईने बूच भेदून आर्गॉन वायूच्या दाबाने घोटभर वाइन काढणारं उपकरण मिळतं. ते काही महिन्यांपुरतं ठीक. एकदा भोक पडलेल्या बुचाची बाटली पुढे दहा वर्षं ठेवायला मी धजावणार नाही.

बोर्दोही मिटते, नाही असं नाही. पण खोक्यात सहा बाटल्या असतात, आणि तिची चाल संथ असते. 2016 ची सें-जुलियाँ धरा. पहिली बाटली दहाव्या वर्षी, दुसरी तेराव्या, मग सोळा, एकोणीस, बावीस असा क्रम लावता येतो. पहिली कठीण लागली तर पुढची चार वर्षं खोक्याला हात लावायचा नाही. खोक्याच्या झाकणावर आतल्या बाजूने पेन्सिलीने तारीख आणि दोन ओळी लिहून ठेवाव्यात. आणखी एक सोय अशी की बोर्दोच्या बऱ्याच शातोंच्या 375 मिलिलिटरच्या अर्ध्या बाटल्या मिळतात. छोट्या बाटलीत वाइनच्या मानाने हवा जास्त, म्हणून ती लवकर पिकते. खोक्याबरोबर दोन अर्ध्या बाटल्या घेतल्या की त्या पुढची खबर आधी आणून देतात. बर्गंडीत अर्ध्या बाटल्या शोधाव्या लागतात.

बोर्दोचा स्वतःचा त्रास आहेच. सुगीनंतरच्या वसंतात, वाइन अजून 225 लिटरच्या पिंपात असतानाच विक्री होते आणि बाटली हातात यायला साधारण दोन वर्षं लागतात. इतके दिवस पैसे अडकवून फायदा होईलच असं नाही. पुष्कळ सुगींची वाइन नंतर बाजारात त्याच भावात किंवा स्वस्त मिळाली आहे. घाई नसेल तर बाटलीत भरलेलीच घ्यावी. फ्रान्समध्ये असाल तर सप्टेंबरमधल्या सुपरमार्केटच्या वाइन मेळ्यांवर नजर ठेवा. मेदोकच्या, म्हणजे सें-जुलियाँ आणि पोयाक ज्यात येतात त्या पट्ट्यातल्या, शातोंच्या बाटल्या तिथे वाजवी भावात येतात आणि पहिल्या दोन दिवसांत संपतात.

जुनी बाटली घेताना पातळी बघायची पद्धत दोन्हींची वेगळी. बोर्दोच्या बाटलीला खांदा असतो. वीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेच्या तळापर्यंत असेल तर उत्तम, खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर सोडून द्या. बर्गंडीच्या उतरत्या बाटलीला खांदाच नाही, म्हणून बुचाच्या खालच्या टोकापासून सेंटिमीटर मोजतात. चारपेक्षा जास्त अंतर असेल तर मी सावध होतो. बूच वर आलेलं असेल किंवा टोपणाखाली चिकट ओघळ दिसला, तर बाटलीला कधीतरी उष्णता लागलेली असावी. रॅक घेताना हेही लक्षात असू द्या की बर्गंडीची बाटली रुंद असते. बोर्दोच्या मापाच्या कप्प्यात ती अडकते आणि लेबल घासून फाटतं.

मुंबई-पुण्यात ठेवायची असेल तर तळघर म्हणजे फ्रिजच. 12 ते 14 अंश आणि साधारण 70 टक्के आर्द्रता हवी. कॉम्प्रेसर नसलेला छोटा वाइन फ्रिज घेऊ नका. तो बाहेरच्या तापमानाच्या मानानेच थंडावा देतो, त्यामुळे मे महिन्यात आतला पारा 20 च्या वर चढतो. अशा चढउतारात पिनोचा नाजूक सुगंध आधी जातो, काबर्ने जरा जास्त सोसते. भारतात परतताना दोन लिटरपर्यंतच दारू शुल्काविना आणता येते, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. लंडनमध्ये राहणाऱ्यांना खोकं करबंद गोदामात ठेवण्याची सोय आहे. बाहेर काढेपर्यंत शुल्क आणि व्हॅट लागत नाही, आणि तापमानाची चिंता गोदामवाल्याची.

पहिल्या दोन-तीन वर्षांतच प्यायची असेल, किंवा सुकलेल्या गुलाबपाकळ्या आणि ओल्या पाचोळ्याचा तो वास एकदा नाकात बसला असेल, तर बर्गंडी घ्या. तसा वास बोर्दो देणार नाही. मात्र एकाच उत्पादकाच्या एकाच वाइनच्या निदान तीन बाटल्या मिळाल्या तरच. त्यासाठी प्रीमिए क्रूचा हट्ट सोडून गावपातळीची बाटली घ्यावी लागली तरी चालेल.

एरवी माझा कल बोर्दोच्या खोक्याकडे. 2016 ला ताठपणा आहे, तो वीस वर्षं सहज पुरेल. 2019 जरा लवकर मोकळी होते, आणि कोविडच्या काळात विक्रीला आली तेव्हा तिचे भाव उतरवले गेले होते, म्हणून दोन्ही समोर असतील तर आधी 2019 चा भाव विचारा. प्यायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ओतताना मानेखाली मोबाइलचा दिवा धरा आणि खांद्याशी पहिली काळी रेघ दिसली की हात थांबवा.